शीग आणि काटा

मॅकरोनीच्या पाकिटावर वजन ग्रॅममध्ये छापलेले असते आणि कृती सांगणारी मात्र "दोन कप घ्या" म्हणून मोकळी होते. 240 मिलिलिटरच्या कपात सुकी, आखूड, वाकडी मॅकरोनी साधारण 100 ग्रॅम बसते. त्याच कपात तांदूळ 190 ग्रॅमच्या आसपास जातो आणि मुरमुरे जेमतेम 15. स्पॅगेटी तर कपात मावतच नाही. ती उभीच राहते. घरात काटा नसला तर हा हिशेब कोष्टकावरून करता येतो आणि चुकला तरी फार तर पातेले जास्त भरते. बालाघाट जिल्ह्यातल्या लांजीसारख्या गावात हाच प्रश्न धानाबद्दल विचारला, की तो स्वयंपाकघरातून उठतो आणि देवघरात, खळ्यावर, सावकाराच्या ओसरीवर जाऊन बसतो.

लांजी हा मध्य प्रदेशाचा भाताचा कोपरा. एका अंगाला महाराष्ट्रातला गोंदिया, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा तयार झाला, तेव्हापासून हा मुलूख मराठी, पोवारी, हिंदी आणि छत्तीसगडी अशा चार बोलण्यांच्या शिवेवर आहे. जुना किल्ला आणि कोटेश्वराचे देऊळ ही गावाची ओळख. जिल्ह्याची ओळख तांदूळ. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या साऱ्या पट्ट्यात धान पिढ्यान्‌पिढ्या मापाने मोजले गेले. छत्तीसगडच्या बाजूला वीस काठ्यांची खंडी आणि वीस खंड्यांचा गाडा. देशावर चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी. एका मणात पायल्या किती, हे मात्र गाव बदलले की बदलायचे. मराठी खळ्यांवर रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे आणि दुसऱ्यापासून आकडे सुरू करायचे, अशी रीत होती. नवी नवरी आजही तांदळाने भरलेले माप पायाने लवंडून उंबरठा ओलांडते. वजनकाटा ओलांडून घरात आलेली नवरी अजून कुणी पाहिलेली नाही.

मग माप आणि वजन हे एकाच वस्तूचे दोन आकडे, की वस्तूतच राहणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी? हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानाला नवा नाही. वैशेषिकांनी गुणांची जी यादी केली, तिच्यात सूत्रकार कणादाने सतरा गुण मोजले होते; भाष्यकार प्रशस्तपादाने त्यांत सात घालून ते चोवीस केले. आकारमान, म्हणजे 'परिमाण', कणादाच्या यादीत पहिल्यापासून आहे. जडपणा, म्हणजे 'गुरुत्व', प्रशस्तपादाने घातलेल्या सातांपैकी एक. (त्याच सातांत धर्म आणि अधर्मही आहेत, ही गंमत जाता जाता लक्षात ठेवण्याजोगी.) प्रशस्तपादाच्या मते परिमाण डोळ्यांना दिसते, गुरुत्व दिसत नाही, वस्तू खाली पडते यावरून त्याचे अनुमान करावे लागते. पायली भरलेली आहे हे खळ्यावर उभा असलेला कुणीही पाहू शकतो. तिच्यात किती जडपणा आहे, ते तराजूने सांगायचे.

याच दर्शनात आणखी एक बारकावा आहे. मोठ्या वस्तूचे आकारमान कशातून येते, याची तीन कारणे वैशेषिक सांगतात: अवयवांची संख्या, अवयवांचे स्वतःचे आकारमान आणि 'प्रचय', म्हणजे अवयवांची सैल जुळणी. प्रचयाचे ठरलेले उदाहरण कापसाचे. पिंजलेला कापूस तेवढाच असतो, पण ढीग मोठा दिसतो. मॅकरोनीचा कप आणि तांदळाचा कप यांच्या वजनात जवळजवळ दुपटीचा फरक पडतो, तो या प्रचयामुळे. मॅकरोनीच्या नळीतही हवा असते आणि दोन नळ्यांच्या मधेही.

आधुनिक गणिताने या हवेचा हिशेब ठेवला आहे. सारख्या आकाराच्या गोल गोट्या भांड्यात नुसत्या ओतल्या, तर भांड्याचा साधारण 60 टक्के किंवा त्याहून थोडा कमी भाग गोट्यांनी व्यापला जातो. भांडे हलवले, ठोकले, तर हा आकडा 64 च्या आसपास जाऊन थांबतो. अगदी मन लावून, फळवाल्यासारखी रचना केली तरी 74 च्या पुढे जाता येत नाही. केप्लरने हे 1611 मध्ये सांगितले आणि त्याची सिद्धता टॉमस हेल्सने दिली ती 1998 मध्ये. दाणे गोल नसतात, त्यामुळे धानाचे आकडे वेगळे येतील; मुद्दा तोच राहतो. तीच पायली, तेच धान, पण मोजणाऱ्याने पायलीला गुडघ्याचा एक धक्का दिला की आत आणखी मूठ-दोन मुठी मावतात. विकत घेणारा धक्का देतो, विकणारा देऊ देत नाही. मराठीत 'मापात पाप' म्हणतात, त्यातले निम्मे पाप या एका धक्क्यात आहे.

उरलेले निम्मे शिगेत. माप काठापर्यंत सपाट भरायचे, की वर दाणे थांबतील तितकी शीग लावायची? कौटिल्याने हा प्रश्न कायद्याने सोडवला होता. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात मापांवर देखरेख ठेवणारा पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. माप कोरड्या, टणक लाकडाचे असावे आणि शीग मापाच्या चौथ्या हिश्शाची धरावी, किंवा माप असे घडवावे की शीग आतच सामावेल, असा नियम तिथे सापडतो. इथवर सगळे नेकीचे वाटते. पण त्याच प्रकरणात द्रोण या मापाचे चार प्रकार दिले आहेत. राजाच्या कोठारात धान्य घेताना वापरायचा द्रोण 200 पळांचा (पळ हे जुने वजन), बाजारातला साडेसत्याऐंशी वर शंभर, म्हणजे 187.5 पळांचा, नोकरांना वाटण्यासाठी 175 पळांचा आणि अंतःपुरासाठी 162.5 पळांचा. घेताना दोनशे आणि देताना पावणेदोनशे. लहान व्यापाऱ्याने हे केले असते तर त्याला दंड झाला असता.

जुन्या मापाबद्दल हळवे होणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावे. "पूर्वी माणसे शिगोशीग मोजून देत" हे खरे असेल, पण ती शीग बहुधा खालून वर जात होती. मालगुजारीच्या, म्हणजे गावोगावच्या जमीनदारीच्या काळात शेतकरी बियाण्याचे धान वाढीदिढीने (परतफेड दीडपट) किंवा सवाईने (सव्वापट) उचलायचा. परत करताना कुणाची पायली वापरायची हे सावकार ठरवायचा. देण्याची पायली लहान, घेण्याची मोठी, ही तक्रार गावोगावची आहे. देवाला द्यायचा प्रसादही सव्वा आणि सावकाराला द्यायचे धानही सवाई, यातला फरक कुळाला चांगलाच कळत होता.

धर्मग्रंथांनाही तो कळत होता. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अचौर्य व्रताचे जे पाच दोष सांगितले आहेत, त्यांत 'हीनाधिक मानोन्मान' हा एक आहे. टीकाकार स्पष्ट करतात की मान म्हणजे प्रस्थासारखी भांड्याची मापे आणि उन्मान म्हणजे तराजूची. लहान मापाने देणे आणि मोठ्याने घेणे ही चोरीच. जैन आचार्यांनी आकारमान आणि वजन दोन्ही नावे घेऊन सांगितले, पळवाट ठेवली नाही. कुराणातला त्र्याऐंशीवा सूराह तर नावानेच माप मारणाऱ्यांवर आहे. लोकांकडून घेताना भरून घेणारे आणि देताना मापात किंवा वजनात कमी देणारे, अशांचा तिथे धिक्कार केला आहे. इथेही माप आणि वजन वेगवेगळे मोजले आहेत. आरोप एककावर नाही. एकाच माणसाच्या घरात दोन मापे असण्यावर आहे.

पण धर्माला रोजच्या व्यवहारापलीकडे स्वतःचीही मापे लागतात, आणि ती किलोत बसवताना खरी पंचाईत होते. रमजान ईदेच्या आधी द्यायच्या फित्रा या दानाचे उदाहरण घ्या. हदीसमध्ये ते 'साअ' या भांड्याच्या मापात सांगितले आहे: एक साअ खजूर किंवा जव. हनफी परंपरेत गहू असेल तर अर्धा साअ. साअ केवढा, यावर इमामांत मतभेद होते. अबू हनीफांच्या मते आठ रत्ल, इमाम मालिकांच्या मते पाच आणि एक तृतीयांश. अबू हनीफांचे शिष्य अबू युसूफ मदिनेला गेले तेव्हा तिथल्या लोकांनी वाडवडिलांकडून आलेले साअ घरातून आणून त्यांच्यापुढे ठेवले. भांडी एकसारखी निघाली आणि अबू युसूफांनी आपले मत बदलले. वादात पुरावा म्हणून मांडायला ग्रंथापेक्षा भांडे उपयोगी पडल्याचे हे विरळे उदाहरण.

भांड्यापासून वजनाकडे येताना पुन्हा प्रचय आडवा आला. बरेलीच्या अहमद रझा खान (1856–1921) यांनी जव ज्या भांड्यात बसतात त्यातच गहू भरून तोलला. गहू जवापेक्षा जड, म्हणून वजन वाढले, आणि दान देताना जास्त गेलेले चालते, कमी गेलेले चालत नाही, असे धरून त्यांनी तोच वाढीव आकडा घेतला. आजच्या हिशेबाने तो अर्ध्या साअला 2 किलो 45 ग्रॅमच्या आसपास येतो. देवबंदच्या परंपरेत 1 किलो 633 ग्रॅम सांगतात. एकाच मोहल्ल्यातल्या दोन मशिदींतून दोन आकडे जाहीर होतात, आणि दोन्ही आकडे प्रामाणिक असतात.

मराठी घरात हीच पंचाईत सत्यनारायणाच्या प्रसादाला होते, फक्त तिथे कुणी फतवा मागत नाही. कथेत नैवेद्याचे प्रमाण सव्वापट सांगितले आहे: केळी, तूप, दूध, गव्हाचे पीठ, साखर किंवा गूळ. गहू नसेल तर तांदळाचे पीठ चालते, असेही कथा सांगते. धान पिकवणाऱ्या मुलखाला ही सवलत फार सोयीची. पण सव्वा कशाचे? शेराचे, पायलीचे, वाटीचे? कथा एकक सांगत नाही. जुन्या घरात सव्वा शेर चालायचे आणि शेर दोन होते, एक वजनाचा, एक मापाचा. तेवढ्याने भागत नव्हते. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर 933 ग्रॅमचा. मुंबईचा मण 28 पौंडांचा, म्हणून त्याचा चाळिसावा हिस्सा असलेला शेर पाऊण पौंडापेक्षाही कमी. रेल्वेच्या मणाचे वजन 82 पौंडांवर. आता कुणी सव्वा किलो घेतो, कुणी सव्वा वाटी.

फरक जिभेला कळतो. कपात रवा साधारण 170 ग्रॅम बसतो आणि साखर 200. मापाने समान घेतले तर वजनात साखर रव्यापेक्षा सहाव्या हिश्शाहून जास्त होते. काट्यावर समान घेतले तर शिरा कमी गोड होतो. ज्यांना "प्रसादाच्या शिऱ्याची चव घरच्या शिऱ्याला येत नाही" असे वाटते, त्यांनी श्रद्धेबरोबर वाटीलाही थोडे श्रेय द्यावे. शास्त्राच्या बाजूने पाहिले तर दोन्ही बरोबर आहेत. कथेने मागितले ते प्रमाण, आणि प्रमाणाला एकच अट असते: सगळे जिन्नस एकाच भांड्याने किंवा एकाच काट्याने घ्यायचे. रवा वाटीने आणि साखर किलोने घेतली तर मात्र सव्वाचा अर्थ उरत नाही.

इथे तत्त्वाचा धागा हाती लागतो. गुरू नानक तरुणपणी सुलतानपुरात दौलतखान लोदीच्या मोदीखान्यात धान्य तोलण्याचे काम करत. मोजता मोजता 'तेरा'वर आले की 'तेरा, तेरा' म्हणत देतच राहत, सगळे तुझेच, अशी कथा शीख परंपरा सांगते. चुगली झाली, हिशेब तपासला, तर तूट निघाली नाही. त्या जागी आज हट्ट साहिब गुरुद्वारा आहे. महाभारताच्या शांतिपर्वातला तुलाधार मात्र याच्या अगदी उलट स्वभावाचा. जाजली नावाच्या तपस्व्याने इतके निश्चल तप केले की त्याच्या जटेत पाखरांनी घरटे बांधले, पिले वाढवली. त्याला गर्व झाला, तेव्हा वाणी झाली की काशीतल्या तुलाधार वाण्याची सर तुला नाही. जाजली तिथे गेला तर तुलाधार दुकानात बसून माल विकत होता. त्याचा धर्म एवढाच, की त्याची तागडी सगळ्यांसाठी सारखी. तो कुणाला जास्त देत नाही आणि कमीही देत नाही.

नानकांची तागडी ओसंडते, तुलाधाराची रेसभर हलत नाही. परंपरेने दोघांनाही मोठे मानले, कारण दोघे दोन वेगळी कामे करत होते. दानाला शीग हवी. व्यवहाराला काटा हवा. गोंधळ होतो तो व्यवहारात शीग मागितली जाते तेव्हा, आणि ती नेहमी ज्याचा हात वर असतो तोच मागतो.

म्हणून दशमान पद्धत आली त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. 1956 चा कायदा झाला, ऑक्टोबर 1958 पासून किलोची वजने बाजारात येऊ लागली आणि गावोगावच्या पायल्या हळूहळू अडगळीत गेल्या. किलोला शीग लागत नाही. त्याला गुडघ्याचा धक्का देऊन काही साधत नाही. मालगुजाराच्या आणि कुळाच्या किलोत फरक करणे पायलीइतके सोपे राहिले नाही, आणि लांजीच्या लहान शेतकऱ्यासाठी ही कुठल्याही प्रवचनापेक्षा मोठी गोष्ट होती.

काट्याने पाप संपवले, असे मात्र कुणी समजू नये. हमरस्त्यावर ट्रक तोलणाऱ्या काट्यावर 'धर्मकाटा' अशी पाटी असते. काटा खरे वजन सांगतो, पण काय तोलले ते सांगत नाही. सरकारी खरेदीत धानाला 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. 17 टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये कोरडा माल 83 किलो आणि पाणी 17; ओलावा 20 झाला तर कोरडा माल 80 वर येतो, काटा मात्र शंभरच दाखवतो. पाणी मारून पोते जड करणारा शेतकरी इथे सापडतो. ओलावा जास्त आहे, कचरा आहे, बारदान जड आहे असे सांगून क्विंटलमागे किलो-दोन किलो कडता कापणारा व्यापारीही इथेच सापडतो. गुरुत्व डोळ्यांना दिसत नाही, हे प्रशस्तपादाचे म्हणणे या दोघांना ग्रंथ न वाचता पाठ असते. पायलीतली लबाडी निदान चारचौघांच्या नजरेसमोर व्हायची. ओलाव्याच्या यंत्रावरचा आकडा बहुतेक वेळा एकटा घेणाराच वाचतो.

फित्रा सोडला तर दानाच्या बाजूला किलो अजून पोचलेला नाही, आणि पोचू नये. पौष पौर्णिमेला छत्तीसगडात छेरछेरा होतो. मुले दारोदार धान मागत फिरतात आणि नुकतेच पीक घरात आलेले असल्याने कुणी नाही म्हणत नाही. महाराष्ट्रात वासुदेवाला पसाभर, जोगव्याला मूठभर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहासाठी घराघरांतून मुष्टिफंड गोळा केला: बाईने रोज पीठ-धान्य काढताना एक मूठ बाजूला ठेवायची. मूठ हे काटेकोरपणाच्या दृष्टीने सर्वांत वाईट एकक आहे. लहान पोरीची मूठ वेगळी, नांगर धरणाऱ्याची वेगळी. पण घेणारा तिथे हिशेब मागत नाही, देणारा आपल्या हाताएवढे देतो, आणि गरीब घराची मूठ श्रीमंताच्या मुठीपेक्षा लहान नसते. मुष्टिफंड ग्रॅममध्ये ठरवला असता तर तो वर्गणी झाला असता.

तेव्हा प्रसादाला एकच वाटी घ्यावी आणि सगळे जिन्नस तिनेच मोजावेत. फित्र्याला जास्तीचा आकडा धरावा. भिक्षेला मूठ मोकळी सोडावी. विकताना आणि विकत घेताना मात्र तुलाधार व्हावे. कायद्याने इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी आणि लोखंडी वजनांची दर दोन वर्षांनी व्हावी लागते. मध्य प्रदेशात हे काम नापतौल विभाग करतो. काट्यावर त्या वर्षाचा शिक्का असतो आणि प्रमाणपत्र दिसेल असे लावलेले असावे लागते. धान घेऊन जाणाऱ्याने पोते काट्यावर टाकण्याआधी ते प्रमाणपत्र मागावे, आणि ओलाव्याच्या यंत्रावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा.